स्ट्रायकरने बचावाला धावावं का? सॅम्युएल एटोच्या कारकिर्दीबद्दल

सावली

परवा इथेच दुसऱ्या एका धाग्यावर गेल्या पंचवीस वर्षांतल्या सर्वोत्तम स्ट्रायकरांची, म्हणजे गोल करायला सर्वांत पुढे खेळणाऱ्यांची, यादी चालली होती. हेन्री झाला, ड्रोग्बा झाला, इब्राहिमोविच आणि लेवांडोव्स्कीवर तर चांगली जुंपली. कॅमेरूनच्या सॅम्युएल एटोचं नाव कुणीतरी पार खाली, जाता जाता टाकलं आणि त्यावर कुणी काही बोललंही नाही. ते मनाला लागलं, म्हणून स्वतंत्र धागा काढतेय.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. एटो गोल करण्यात कुणापेक्षा कमी नव्हताच. पण त्याचं खरं मोठेपण कळतं ते २००९-१० च्या मोसमात, ज्या मोसमात त्याने इटालियन लीगमध्ये फक्त १२ गोल केले.

तिथवर यायला थोडं मागे जावं लागेल. कॅमेरूनमधल्या दुआला शहरातल्या काजी स्पोर्ट्स अकादमीतून हा मुलगा सोळाव्या वर्षी रेआल माद्रिदमध्ये आला. त्याच सुमारास रेआलचा राखीव संघ तिसऱ्या श्रेणीत घसरला आणि स्पेनच्या त्या श्रेणीत युरोपीय संघाबाहेरच्या खेळाडूंना खेळायची परवानगी नव्हती. म्हणजे पहिल्या संघात जागा नाही आणि दुसऱ्या संघात नियम आडवा. मग लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, लेगानेस. मग लोनवर एस्पान्योल, जिथे त्याला एकही सामना मिळाला नाही. जानेवारी २००० मध्ये मायोर्का. तिथे मात्र त्याचं बस्तान बसलं आणि त्या उन्हाळ्यात क्लबने आपल्या इतिहासातली सर्वात मोठी किंमत मोजून त्याला घेतलं.

मायोर्का म्हणजे बेटावरचा बेताचा क्लब. त्या क्लबने मे २००३ मध्ये बर्नबेऊवर, म्हणजे रेआलच्याच मैदानावर, जाऊन रेआलला ५-१ असं धुतलं, आणि धुणाऱ्यांत एटो होता. पुढच्याच महिन्यात कोपा देल रे या स्पेनच्या कपच्या अंतिम सामन्यात रेक्रिएतिव्होविरुद्ध ३-० असा विजय, त्यात एटोचे दोन गोल. त्या सामन्याची तारीख २८ जून. दोनच दिवस आधी, २६ जूनला, कॉन्फेडरेशन्स कपच्या उपांत्य सामन्यात ल्यॉनच्या मैदानावर त्याचा कॅमेरूनचा सहकारी मार्क-व्हिव्हियन फोए खेळता खेळता कोसळला आणि गेला. बावीस वर्षांच्या मुलाने ते दोन दिवस कसे काढले असतील याचा विचार मी आजही करते.

२००४ मध्ये बार्सिलोनाने त्याला सुमारे २ कोटी ४० लाख युरोंना घेतलं. अर्धे हक्क तेव्हाही रेआलकडे असल्यामुळे त्यातले निम्मे पैसे रेआलच्या खिशात गेले. पुढची पाच वर्षं सगळ्यांना माहीत आहेत: १३० गोल, तीन लीग विजेतेपदं, दोन चॅम्पियन्स लीग, आणि दोन्ही अंतिम सामन्यांत गोल. २००६ ला पॅरिसमध्ये आर्सेनलचा गोलरक्षक लेमन अठराव्या मिनिटाला रेड कार्ड मिळून बाहेर गेला तो एटोलाच पाडल्यामुळे, आणि ७६ व्या मिनिटाला बरोबरीही एटोनेच साधली.

२००८ च्या उन्हाळ्यात ग्वार्डिओला प्रशिक्षक झाला आणि आल्या आल्या जाहीर केलं, की रोनाल्डिन्हो, डेको आणि एटो त्याच्या योजनेत नाहीत. पहिले दोघे गेले, हा राहिला. राहिला आणि लीगमध्ये ३० गोल केले. वायादोलिदविरुद्ध तर मध्यंतराच्या आत चार! मे २००९ मध्ये बर्नबेऊवरच्या त्या ६-२ च्या सामन्यात ग्वार्डिओलाने मेस्सीला मधे आणलं आणि एटोला उजव्या बगलेला पाठवलं. ज्याने अख्खा मोसम गोल केले, त्याने मधली जागा सोडली. तक्रार नाही.

२००९ च्या चॅम्पियन्स लीगच्या रोममधल्या अंतिम सामन्यातला त्याचा गोल पुन्हा एकदा बघा. पहिली नऊ मिनिटं मँचेस्टर युनायटेडचीच होती. दहाव्या मिनिटाला इनिएस्ताचा पास उजवीकडे एटोकडे आला. युनायटेडचा बचावपटू विडिच समोर. एटोने चेंडू आतल्या बाजूला घेतला, विडिचचा पाय हुकला, कॅरिक घसरत आला, आणि त्याच्या आधी एटोने बुटाच्या टोकाने चेंडू ढकलला. जोरात मारलेला नाहीच तो. गोलरक्षक व्हॅन डर सारचा हात लागला तरी आत गेला. मागे पाय उचलून मारायला वेळच नव्हता, हे त्याला त्या अर्ध्या क्षणात कळलं होतं.

दोन महिन्यांत बार्सिलोनाने त्याला इंटर मिलानला देऊन टाकलं, वर सुमारे साडेचार कोटी युरो दिले आणि इब्राहिमोविचला घेतलं.

इंटरमध्ये प्रशिक्षक मोरिन्होने मधली जागा मिलिटोला दिली आणि एटोला बगलेला लावलं. जगातला अव्वल स्ट्रायकर, नुकताच एकाच मोसमात लीग, देशाचा कप आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही करंडक जिंकून आलेला. तो समोरच्या साइड बॅकच्या (बाजूने खेळणाऱ्या बचावपटूच्या) मागे धावायला लागला. २८ एप्रिल २०१०, बार्सिलोनाचं कॅम्प नोऊ, चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीचा दुसरा सामना. इंटरच्या मोटाला २८ व्या मिनिटाला रेड कार्ड. त्यानंतर तासाभराहून जास्त वेळ एटो जवळजवळ साइड बॅकच्या जागेवर खेळला, तेही ज्या क्लबने त्याला काढलं त्याच्याच मैदानावर. इंटर तो सामना ०-१ हरला आणि दोन्ही सामने मिळून ३-२ ने अंतिम फेरीत गेला. अंतिम सामना बर्नबेऊवर, म्हणजे जिथे त्याला जागाच मिळाली नव्हती तिथे. गोल दोन्ही मिलिटोचे, दुसऱ्याचा पास एटोचा. लागोपाठ दोन वर्षं, दोन वेगळ्या क्लबांकडून तिन्ही करंडक जिंकणारा तो पहिला.

तुमचं मत सांगा. असहमती असेल तर जरूर सांगा, फक्त सामन्यांच्या आधारावर सांगा.

---

रंकाळा_किनारा

सावलीताई, एक नंबर धागा. कॅम्प नोऊचा तो सामना आमच्या तालमीत सगळ्यांनी मिळून बघितलेला. रात्री सव्वाबाराला सुरू झाला. एटो मागे पळत येऊन पाय घालतोय बघून आमचे जुने कोच म्हणाले, "पोरांनो, त्याच्याकडं बघा, चेंडूकडं नको." कोल्हापुरात फॉरवर्डला मागं या म्हटलं की राग येतो. दुसऱ्या दिवशी सरावाला आमच्या फॉरवर्डच्या तोंडून चकार शब्द नाही.

---

तिरपा_कोन

लेख आवडला, पण मुख्य मुद्द्याशी असहमत.

एटोला बगलेला बसवणं ही मोरिन्होची चैन होती. पुढच्या वर्षी, २०१०-११ ला, मोरिन्हो गेला आणि एटो पुन्हा गोलच्या जवळ खेळायला लागला. किती गोल? सर्व स्पर्धा मिळून ३७. क्लब विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात गोल आणि स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू. कोपा इटालियाच्या अंतिम सामन्यात पालेर्मोविरुद्ध दोन गोल. हा खरा एटो. त्याच्या ऐन उमेदीतलं एक वर्ष बचावात घालवलं आणि आपण त्याला त्याग म्हणून डोक्यावर घेतोय. इंटर जिंकलं नसतं तर याच गोष्टीला सगळ्यांनी घोडचूक म्हटलं असतं.

---

सावली

@तिरपा_कोन, ३७ गोलांचा मोसम मलाही अतिशय आवडतो. पण त्या मोसमात इंटर लीग हरलं आणि चॅम्पियन्स लीगमध्ये शाल्केने त्यांना उपांत्यपूर्व फेरीत बाहेर काढलं. एटोचे गोल वाढले आणि संघ मागे गेला. यात दोष एटोचा नाही, पण आदल्या वर्षीचं त्याचं काम किती मोलाचं होतं हे यातून दिसतं.

आणि बगलेला राहूनही त्याने गोल करायचे ते केलेच. १६ मार्च २०१०, चेल्सीचं मैदान स्टॅमफर्ड ब्रिज. इंटर पहिल्या सामन्यात २-१ ने पुढे, म्हणजे परक्या मैदानावरच्या गोलच्या तेव्हाच्या नियमामुळे चेल्सीला एक गोल पुरेसा होता. ७८ व्या मिनिटाला स्नायडरचा लांब पास, एटोचा एक स्पर्श आणि गोल. सामना तिथेच संपला. दुसऱ्या बाजूला ड्रोग्बा होता, आणि शेवटी त्याला रेड कार्ड मिळालं. ड्रोग्बा की एटो असा वाद घालणाऱ्यांनी हा सामना आधी बघावा.

---

खारा_वारा

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे एटोच्या आधीपासून कॅमेरून लाडकं. १९९० चा विश्वचषक माझ्या वडिलांच्या पिढीने डोळ्यांत साठवलाय: अडतीस वर्षांचा रॉजर मिला, चार गोल, आणि कॉर्नरच्या झेंड्याजवळचा तो नाच. त्यामुळे एटोची गोष्ट क्लबांपुरती सांगितली की ती अर्धीच वाटते.

मला सगळ्यात जवळचा वाटतो तो २००० चा एटो. फेब्रुवारीत लागोसला आफ्रिकन नेशन्स कपचा अंतिम सामना, समोर यजमान नायजेरिया. पहिला गोल एटोचा, दुसरा एम्बोमाचा, मग नायजेरियाने २-२ केलं आणि कॅमेरून पेनल्टी शूटआउटमध्ये जिंकलं. एटो एकोणीस वर्षांचाही झाला नव्हता.

सप्टेंबरमध्ये सिडनी ऑलिंपिक. उपांत्यपूर्व फेरीत ब्राझीलविरुद्ध कॅमेरूनचे नऊच खेळाडू उरले होते, तरी गोल्डन गोलवर, म्हणजे जादा वेळेत पहिला गोल करून, जिंकले. अंतिम सामन्यात स्पेन मध्यंतराला २-० ने पुढे. एक गोल झावीचा, आणि बचावात पुयोल. सुरुवातीलाच स्पेनची एक पेनल्टी सोळा वर्षांच्या गोलरक्षक कामेनीने अडवली नसती तर तिथेच सगळं आटोपलं असतं. मध्यंतरानंतर आधी स्पेनचा स्वयंगोल, मग ५८ व्या मिनिटाला एटो. शूटआउटमध्ये कॅमेरून ५-३. देशाचं पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. चार वर्षांनी बार्सिलोनाच्या ड्रेसिंग रूममध्ये हाच एटो त्याच झावी आणि पुयोलच्या शेजारी जाऊन बसला.

---

अक्षता_द

खारा_वारा यांनी विषय काढलाच आहे, तर दुसरी बाजूही यायला हवी. एटोचा खेळ मलाही आवडतो, पण कॅमेरूनसाठी विश्वचषकात त्याने काय केलं? १९९८, २००२, २०१०, २०१४ असे चार विश्वचषक आणि मिळून तीन गोल. त्याच्या काळात कॅमेरून एकदाही गटसाखळीच्या पुढे गेलं नाही. २०१० च्या आधी खुद्द मिला म्हणाले होते की एटोने बार्सिलोनाला आणि इंटरला भरपूर दिलं, कॅमेरूनला काही नाही. त्यावर एटोने विश्वचषकाला जाणारच नाही अशी धमकी दिली. थोरल्याने कान धरला तर ऐकून घ्यायला काय हरकत होती?

आणि ८ ऑक्टोबर २००५ कसं विसरायचं? याउंडेला इजिप्तविरुद्ध १-१, जिंकलं तरच जर्मनीच्या विश्वचषकाचं तिकीट. भरपाई वेळेत पेनल्टी मिळाली. मारायला गेला कोण, तर डावा बॅक पिएर वोमे. चेंडू खांबाला लागला आणि आयव्हरी कोस्ट पात्र ठरलं. त्यानंतर लोकांचा राग वोमेच्या घरापर्यंत पोचला. एटोसारखा त्या वर्षीचा आफ्रिकेतला सर्वोत्तम खेळाडू मैदानावर असताना चेंडू वोमेच्या हातात का?

---

खारा_वारा

@अक्षता_द, "काही नाही" हे मिलांनी रागात म्हटलं असेल, पण ते खरं नाही. २००० आणि २००२ चे दोन आफ्रिकन करंडक, ऑलिंपिक सुवर्ण, ११८ सामन्यांत ५६ गोल, आणि नेशन्स कपच्या इतिहासात सर्वाधिक १८ गोल. यातलं कुठलं "काही नाही"?

वोमेचं म्हणाल, तर सिडनीत निर्णायक पेनल्टी त्यानेच मारली होती. संघाचा त्याच्यावर विश्वास असायला कारण होतं. एटोने पुढे व्हायला हवं होतं असं मलाही वाटतं. पण पेनल्टी घेणाराही हुकतोच. चार महिन्यांनी नेशन्स कपमध्ये आयव्हरी कोस्टविरुद्ध शूटआउट इतकं लांबलं की दोन्हीकडच्या अकराही जणांनी गोल केले आणि पाळी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. तेव्हा एटो पुढे आला आणि हुकला. ड्रोग्बाने मारली. ११-१२. घर गाठलं. त्या स्पर्धेत सर्वाधिक गोल मात्र एटोचेच.

---

तिरपा_कोन

नोव्हेंबर २०११ चा संपही सांगायला हवा. बोनस थकल्यामुळे संघ अल्जीरियाला मैत्रीपूर्ण सामन्यासाठी गेलाच नाही. महासंघाने कर्णधार एटोला १५ सामन्यांची बंदी घातली, पुढे ती आठ महिन्यांवर आली. यात मी पूर्णपणे एटोच्या बाजूने आहे. त्याला स्वतःला त्या पैशांची गरज नव्हती. तो तेव्हा रशियातल्या आंझी क्लबकडून जगात सर्वाधिक पगार घेत होता असं सगळीकडे छापून येत होतं. भांडला तो ज्यांना क्लबकडून थोडकं मिळतं अशांसाठी. २०१४ ला ब्राझीलला निघायच्या वेळी तोच घोळ, विमान एक दिवस उशिरा सुटलं. चौदा साली जे प्रश्न होते तेच अकरा साली होते, म्हणजे दोष कुणाचा ते उघड आहे.

---

रंकाळा_किनारा

आंझीवरून आठवलं. दागेस्तानातला मखाचकलाचा क्लब, मालक अब्जाधीश केरिमोव्ह, आणि खेळाडू राहायला नि सरावाला मॉस्कोत! सामन्यापुरते विमानाने यायचे. २०१३ ला मालकाने हात आखडता घेतला आणि सगळा संघ विकला. एटोची ती दोन वर्षं वाया गेली असं माझं स्पष्ट मत. चेल्सीत आल्यावर जानेवारी २०१४ ला युनायटेडविरुद्ध हॅटट्रिक मारली म्हणजे अंगात खेळ शिल्लक होता. मोरिन्हो त्याच्या वयावर काहीबाही बोलला ते कॅमेऱ्यात सापडलं, तर गड्याने पुढे टॉटेनहॅमविरुद्ध गोल केला आणि कॉर्नरच्या झेंड्याला धरून म्हाताऱ्यासारखा वाकून उभा राहिला.

सारागोसाबद्दल कुणी बोललं नाही, ते मी बोलतो. २५ फेब्रुवारी २००६. प्रेक्षक माकडाचे आवाज काढत होते. एटो म्हणाला, बास, मी खेळत नाही, आणि चालू लागला. सहकारी आडवे आले, प्रशिक्षक रायकार्ड आला, रेफरी आला. समजूत काढून थांबवलं. सामना बार्सिलोनाने जिंकला. सारागोसाला दंड किती? ९ हजार युरो. आदल्या वर्षी लीग जिंकल्याच्या जल्लोषात एटोने माइकवरून माद्रिदला शिवी हासडली होती, तेव्हा त्याला दंड १२ हजार. त्याने माफीही मागितली होती. हिशेब तुम्हीच करा.

आमच्या शाहू स्टेडियमवर पेठांच्या संघांतून आता आफ्रिकेतली पोरं खेळतात. गोल मारला की खांद्यावर घेतात. पण आपल्या राज्यातल्या मैदानांवर त्यांच्या रंगावरून ओरडणारे मी स्वतः ऐकलेत, आणि शेजारचे हसतात. तो हसणारा मला जास्त खुपतो. एटो चालू लागला तेव्हा बरोबर होता. त्याला थांबवायला नको होतं.

---

सावली

@रंकाळा_किनारा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. बार्सिलोनात आला तेव्हाच एटो म्हणाला होता की उद्या गोऱ्यासारखं जगता यावं म्हणून मी आज काळ्यासारखा धावणार आहे. त्या वाक्यावर तेव्हा लोक हसले. मला त्यात कमालीची स्पष्टता दिसते. त्याला हे माहीत होतं की त्याच्याकडून मेहनत जास्त मागितली जाणार आणि क्षमा कमी मिळणार.

फेब्रुवारी २००७ मध्ये रासिंगविरुद्ध त्याने शेवटच्या काही मिनिटांसाठी मैदानात उतरायला नकार दिला, ती चूकच होती. गुडघ्याच्या दुखापतीतून नुकताच उठला होता, तरी चूकच. मोठ्या खेळाडूच्या अशा गोष्टी झाकायची गरज नाही.

---

अक्षता_द

मग आजच्या एटोबद्दलही बोलू. डिसेंबर २०२१ पासून तो कॅमेरूनच्या फुटबॉल महासंघाचा अध्यक्ष आहे. कतारच्या विश्वचषकात स्टेडियमबाहेर एका अल्जीरियन यूट्यूबरवर धावून गेला, नंतर माफी मागितली. २०२२ मध्येच स्पेनच्या न्यायालयात करचुकवेगिरी कबूल केली, स्थगित शिक्षा आणि दंड. २०२४ ला क्रीडामंत्रालयाने मार्क ब्रिस यांना प्रशिक्षक नेमलं, तर त्यांच्याशी जाहीर भांडण. आणि २०२६ च्या विश्वचषकाची पात्रताही गेली. गटात केप वर्दे पहिलं आलं, प्लेऑफमध्ये डीआर काँगोने अखेरच्या क्षणी गोल केला. ज्या महासंघाशी तो खेळाडू म्हणून भांडला, त्याच्याच खुर्चीत बसून आता तो तसंच वागतोय, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

---

सावली

@अक्षता_द, यातल्या एकाही गोष्टीचा बचाव मी करणार नाही. ज्याने कॅम्प नोऊवर मधली जागा दुसऱ्याला सोडली, त्याला खुर्चीत बसल्यावर प्रशिक्षकाला त्याचं काम करू देता येत नाही, हे मला कोड्यासारखं वाटतं. कदाचित मैदानावर त्याच्यावर मोरिन्हो होता आणि इथे कुणीच नाही.

पण धागा स्ट्रायकरबद्दल आहे आणि माझं मत तिथे तसंच आहे.

---

पहाटपक्षी

सगळे प्रतिसाद वाचले. मी फुटबॉल अलीकडेच बघायला लागलेय, एटोला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेलं नाही. गोलांच्या क्लिप भरपूर मिळतात, पण तुम्ही म्हणताय तो खेळ कुठल्या सामन्यात दिसेल? दोन-तीनच सांगा.

---

सावली

@पहाटपक्षी, तीन सांगते, आणि पूर्ण सामनेच बघा, क्लिपमध्ये धावणं कापलेलं असतं.

पहिला, २००० च्या ऑलिंपिकचा अंतिम सामना, निदान उत्तरार्ध. दुसरा, मे २००९ चा बर्नबेऊवरचा ६-२. त्यात एटोचा एकही गोल नाही, पण उजव्या बगलेला राहून तो रेआलच्या बॅकला कसा बाहेर ओढतो आणि मधे मेस्सीला मोकळं रान कसं मिळतं ते बघा. तिसरा, २८ एप्रिल २०१०. रेड कार्डनंतर दर वेळी चेंडू हरला की एटो कुठून कुठे येतो एवढंच बघा.

---

तिरपा_कोन

आणि चौथा माझ्याकडून: कोपा इटालिया २०११ चा अंतिम सामना, पालेर्मोविरुद्ध. तिथे तो बॉक्सच्या आसपास आहे. दोन्ही बघून मग सांगा कोण बरोबर ते.